झांजा कुठं गेल्या?

“रोज मीच का वळसा घालून हिच्या पुढ्यात जाऊन उभं राहायचं? बसल्या जागेवरून हाक मारली तर महाराणींच्या मानेत लचक भरते का काय!”

शहनाज हे म्हणाली तेव्हा भाग्यक्का तिच्यापासून हातभर अंतरावर बसल्या होत्या. शिलाईच्या मशीनवर टॉवेलची कड दुमडता दुमडता, सुईवरची नजर न काढता, ती चांगली मोठ्यानं पुटपुटली. त्यात तिचं काही चुकलं नव्हतं. सोलापूरच्या त्या टॉवेल कारखान्याच्या शेडात माग चालू असताना घसा ताणून ओरडल्याशिवाय कुणी काहीही म्हणावं, ते बोलणाऱ्याच्या तोंडाशीच विरून जायचं. मालकाला, सासूला, दैवाला जे काही ऐकवायचं असेल ते शेडातली माणसं याच भरवशावर ऐकवून घेत. तेवढंच मन हलकं.

पण त्या सकाळी भाग्यक्कांच्या कानांवर काळा हेडफोन होता. त्यानं मागांची घरघर पुसून टाकली होती आणि हातभर अंतरावरचं माणूस मात्र शिल्लक ठेवलं होतं.

भाग्यक्कांनी मान वर केली नाही. टॉवेलातला सुटलेला धागा बघत राहिल्या. मनात म्हणाल्या, ‘महाराणी? मी?’

भाग्यलक्ष्मी येमुल, वय पन्नाशीच्या अलीकडे. शेडात सगळे त्यांना अक्का म्हणत. तेलुगूत मोठ्या बहिणीला म्हणतात ते, आणि सोलापुरात मराठीतही चालतं. काम टॉवेल तपासण्याचं. खरं तर तपासायचा तो वरचा कॅमेरा, पण त्याला ज्या टॉवेलाची शंका येई तो पट्ट्यावरून सरकत अक्कांच्या टेबलावर यायचा, आणि शंका खरी की उगाच, ते अक्का ठरवत. “नव्या सासूसारखा आहे मेला,” त्या म्हणत. “ज्यात त्यात खोट दिसते.”

काम डोळ्यांचं, त्यामुळे कान मोकळे. आणि त्या मोकळ्या कानांत अक्का काय ओतत, ते कळल्यावर चांगल्या चांगल्यांनी तोंडात बोट घातलं होतं. लेक स्पंदना नोकरीला हैदराबादला गेली तेव्हा तिचा जुना फोन आईकडे राहिला आणि त्या फोनात तिची गाणी राहिली. एका वेळी चार गिरण्या सुरू व्हाव्यात तशा गिटारी, दोन्ही पायांनी तुडवलेले ढोल आणि विहिरीच्या तळातून कुणीतरी भांडत असावं तसा गाणाऱ्याचा आवाज. अक्कांनी त्याआधी भक्तिगीतं लावून पाहिली होती. ती मागांखाली चिरडून जायची. हे संगीत मात्र मागांच्या छातीला छाती भिडवून उभं राहिलं. पहिल्यांदा ऐकलं त्या दिवशी अक्कांना वाटलं, एवढी वर्षं ह्या खडखडाटाला कुणीतरी उलट उत्तर द्यायला हवं होतं. आलं एकदाचं.

आणि त्यातही त्यांचा जीव होता झांजांवर. ढोलांच्या डोक्यावर त्या अशा फुटायच्या की जणू कढईत मोहरी तडतडली.

अलीकडे मात्र त्या झांजाच नाहीशा झाल्या होत्या. अक्कांनी दोष जुन्या हेडफोनला दिला आणि तो बदलला. नव्यातही नव्हत्या. त्यालाही शिव्या देऊन झाल्या.

अशात कारखान्याच्या परदेशी गिऱ्हाइकानं अट घातली, की दिवाळीपासून शेडातल्या प्रत्येकाच्या कानांवर आवाज मारणारा हेडफोन हवा. मालक सत्यम तसा पोरसवदाच. वडिलांमागे नुकताच गादीवर बसलेला. शेडात त्याला चिन्ना शेठ म्हणत, म्हणजे धाकटे शेठ. त्यानं तीन नमुने मागवले आणि सरळ अक्कांच्या टेबलावर आणून ठेवले.

“अक्का, तुमचं ते राक्षसी गाणं ज्यात नीट वाजेल, तो हेडफोन कशालाही पुरा पडेल. तुम्ही बोट ठेवाल तो सगळ्यांना. शनिवारी सांगा.”

ह्या हेडफोनांची युक्ती ऐकायला सोपी आहे. आवाज म्हणजे हवेतली लाट. हेडफोनच्या बाहेरच्या अंगाला असलेला बारीक माइक ती लाट पकडतो आणि आतला स्पीकर तिच्या नेमकी उलटी लाट सोडतो. हिचा उंचवटा तिथे तिचा खड्डा. दोघी एकमेकींत मिसळल्या की हवा सपाट होते. तीच शांतता. पंख्याची, विमानाची, मागाची एकसुरी घरघर अशी छान मारता येते. पण अचानक आलेला टणका, म्हणजे लोखंडावर लोखंड आपटल्याचा ठोका, मारणं अवघड, कारण उलटी लाट तयार होईतो तो कानात शिरून मोकळा झालेला असतो.

काळ्यानं घरघर मारली, पण त्या भरात गिटारीचे खालचे सूरही खाल्ले. गाणं उपाशी वाटायला लागलं. बाद.

राखाडी मात्र लोण्यासारखा. हलका, मऊ, गिटार भरभरून. शेडातल्या सगळ्यांनी तो आळीपाळीनं घालून पाहिला आणि काढताना प्रत्येकाचं तोंड उतरलं. अक्कांचे यजमान नरहरी तर तो घालून चक्क हसले. नरहरी कारखान्यात जॉबर होते, म्हणजे माग बिघडला की ज्याच्याकडे धावत जायचं तो माणूस. एरवी ते हसत नसत.

“हाच सांग,” ते अक्कांच्या समोर येऊन म्हणाले.

“झांजा खातो हा.”

“खाऊ दे की. झांजांचं काय लोणचं घालायचंय?”

“गाण्यात झांजा नसल्या तर ते गाणं नव्हे, गिरणी.”

“मग गिरणीतच बसलीयस की गं!”

उरला निळा. हातात घेताच जड. कानांवर चढवला तर आत चिमणीच्या पिलांसारखी चिवचिव सुरू झाली आणि एक बाई मराठीत म्हणाली, “जरा थांबा. तुमच्या कानांशी बोलते आहे.”

“माझ्याशी बोल की बाई,” अक्का म्हणाल्या.

पण ती खरंच कानांशी बोलत होती. कानाच्या अगदी आत शंखासारखी गुंडाळलेली एक नळी असते. तिच्यात ओळीनं पेशी बसलेल्या असतात, प्रत्येकीच्या डोक्यावर बारीक तुरे, आणि प्रत्येकीचा सूर ठरलेला. त्या नुसत्या ऐकत नाहीत. आपला सूर आला की त्या स्वतःही थरारतात आणि एक अतिसूक्ष्म आवाज उलट बाहेर सोडतात. म्हणजे निरोगी कान हाकेला ओ देतो. तान्ह्या बाळांचे कान तपासायला डॉक्टर ही ओ ऐकत आले आहेत, पण त्याला शांत खोली लागायची. निळा ते मागांच्या गदारोळात करत होता. मागाचा टणका ठरावीक लयीत येतो, ती लय शिकून पुढचा टणका येण्याआधीच तो उलटी लाट तयार ठेवायचा, आणि मग त्या शांततेत एकेका सुराला हाक मारून बघायचा, कोण ओ देतं आणि कोण देत नाही.

चिवचिव थांबली. अक्कांनी गाणं लावलं.

आणि झांजा आल्या.

पूर्वीच्या नव्हेत, थोड्या जाड, थोड्या बुटक्या, पण तडतडत, उसळत, ढोलांच्या डोक्यावर नाचत आल्या. अक्कांच्या हातून टॉवेल गळून पडला. डोळ्यांना पाणी आलं ते त्यांनी त्याच टॉवेलानं पुसलं, आणि नंतर त्यांच्या लक्षात आलं की तो गिऱ्हाइकाचा आहे.

त्यांनी शहनाजला हात केला. शहनाज उठली, वळसा घालून समोर येऊन उभी राहिली. अक्कांनी हेडफोन तिच्या डोक्यावर चढवला आणि चिवचिव लागू नये म्हणून आपल्या कानांसाठी झालेली जुळणीच कायम ठेवली.

शहनाजनं नाक मुरडलं. “अय्यो अक्का! हे काय वाजायलंय? झांजा हायत का पत्र्याचा डबा?”

“झांजाच त्या! इतक्या दिवसांनी सापडल्या.”

“पण खाली ओढल्यात की. बेसूर लागायलंय.” तिनं निळा काढला, टेबलावरचा राखाडी उचलून कानांना लावला आणि तेच गाणं तिथं लावलं. “ह्यात बघा कसल्या कडक वाजतात! काळ्यातपण असतील.” तिनं काळाही लावून पाहिला. “हायत की. अक्का, झांजा तर सगळ्यांत—”

आणि ती थांबली.

माग चालूच होते. शहनाज हेडफोनची वायर बोटाला गुंडाळायला लागली. खरं तर हेडफोनला वायर नव्हती. ती नुसतंच बोट फिरवत होती.

वरच्या सुरांना ओ देणाऱ्या पेशी अक्कांच्या कानांत उरल्याच नव्हत्या. निळ्यानं ते ओळखलं आणि झांजा उचलून खाली, जिथं अजून कुणीतरी जागं होतं तिथं आणून ठेवल्या. शेजारीण घरी नसली की पोस्टमन पाकीट आपल्याकडे देऊन जातो, तसं.

“चहा सांगू का, अक्का?” शहनाज म्हणाली.

“किती दिवस माहितीये तुला?”

“काय वो?”

“की मला ऐकू कमी येतं.”

“तसं काही नाही हो. माग चालू असले की कुणाला ऐकू येतंय?”

“म्हणून वळसा घालून समोर येतेस?”

शहनाजनं टेबलावरचे हेडफोन उगाच ओळीत लावले.

“महाराणींच्या मानेत लचक भरेल म्हणून?”

शहनाजनं जीभ चावली, दोन्ही हातांनी कान धरले, आणि मग दोघींना हसू फुटलं ते आवरेना. हसता हसता अक्कांचे डोळे परत भरून आले. ह्या खेपेस कारण झांजा नव्हत्या. एकेक माणूस आठवायला लागलं होतं. स्पंदना फोनवर दरवेळी म्हणायची, ‘आई, फोन समोर धर, तुझा चेहरा बघायचाय.’ आपले ओठ आईला दिसावेत म्हणून म्हणायची पोरगी. गल्लीतला दूधवाला हाक न मारता दारातल्या तुळशीपाशी उभा राहून हात हलवायचा. कॅमेऱ्यानं टॉवेल पाठवला की टेबलावर दिवा लागायचा. तो दिवा कुणी आणि कधी बसवला हे अक्कांनी विचारलंच नव्हतं. किती जण किती काळ आपल्याभोवती वळसे घालत होते, आणि एकानंही ते जाणवू दिलं नाही! वैतागले, पुटपुटले, पण वळसा घातलाच. रागवावं तर कुणावर? अक्कांना वाटलं, माणसानं आणखी काय मागावं?

“आता तू घाल,” त्या म्हणाल्या. “तुझ्या कानांशी बोलू दे तिला.”

शहनाजनं निळा घातला, चिवचिव ऐकून खुदखुदली, आणि मग तिचं हसू हळूहळू मावळलं.

“काय म्हणाली?”

“म्हणते, उजव्या कानात वरच्या पट्टीत एक जागा थकलीय. आज शेडाबाहेर विसावा दिला तर परत ओ देईल.” तिनं हेडफोन काढला. “नाही दिला तर?”

शहनाजचं लग्न ठरायचं होतं. अजून तिला शेडाच्या पत्र्यावर बसलेली चिमणी ऐकू यायची. अक्कांच्या कानांतली जागाही कधीतरी अशीच पहिल्यांदा थकली असणार. तेव्हा सांगणारं कुणी नव्हतं.

संध्याकाळी घरी अक्कांनी मुद्दाम ओट्याकडे तोंड करून विचारलं, “आणखी भाकरी वाढू का?”

उत्तर नाही. वळून पाहिलं तर नरहरी शांतपणे आमटीत भाकरी कुस्करत होते. अक्का समोर जाऊन बसल्या आणि तेच विचारलं.

“वाढ अर्धी,” ते म्हणाले.

अक्कांनी भाकरी वाढली आणि त्या नवऱ्याकडे बघत राहिल्या. ह्या घरात दिवा मालवला की बोलणं बंद होई. दोघंही त्याला दमणूक म्हणत आले होते.

“निळा घालून बघा एकदा,” त्या म्हणाल्या.

“माझे कान ठणठणीत आहेत.”

“माझे नाहीत.”

नरहरींनी घास खाली ठेवला. नकार दिला नाही, नवलही केलं नाही.

“तुम्हाला माहीत होतं.”

“दिवा मीच बसवला टेबलावर.”

अक्कांनी पुढे होऊन त्यांच्या मनगटावर हात ठेवला. थोडा वेळ तसाच ठेवला. मग म्हणाल्या, “शहनाजच्या कानाला सुरुवात झालीय. राखाडी घरघर मारतो, पण टणका आत येऊ देतो. वरून शांत वाटतं म्हणून कुणाला पत्ता लागत नाही. निळा दोन्ही मारतो, आणि कान थकला की बाहेर जा म्हणतो. मी शनिवारी निळा सांगणार.”

“निळा सगळ्यांच्या कानांचं बघतो,” नरहरी म्हणाले. “घडीघडी कोण बाहेर चाललंय ते शेठला दिसणार. मग माझं काय? माग कुठं अडलाय ते जॉबर कानानं ओळखतो, हे शेठच्या बापापासून सगळे धरून चाललेत. मी हात लावून ओळखतो. मागाच्या अंगावर तळवा ठेवला की आतलं सगळं कळतं. पण हे शेठला सांगायचं? कान गेलेला जॉबर कोण ठेवतो गं?” ते जरा थांबले. “राखाडी सांग. माझ्यासाठी सांग.”

लग्नानंतर नरहरींनी स्वतःसाठी मागितलेल्या गोष्टी हाताच्या बोटांवर मावल्या असत्या. अक्कांना नाही म्हणवेना आणि हो म्हणवेना.

मधल्या दिवसांत निळाही बऱ्याच जणांनी घालून पाहिला. शनिवारी सफाईसाठी माग बंद झाले आणि सगळे शेडाच्या मधोमध जमले. शेड इतकी शांत असली की तिथल्या माणसांना बावरल्यासारखं होई. तरी सगळे ओरडूनच बोलत होते, सवयीनं.

“बोला अक्का,” चिन्ना शेठ म्हणाला.

अक्कांनी नरहरींकडे पाहिलं नाही. “निळा,” त्या म्हणाल्या.

एकदम गलका झाला. “निळा नको, चुगलखोर हाय तो!” “सारखा बाहेर हाकलतो!” “डोकं दुखतंय त्यानं!” “राखाडीला काय धाड भरली?”

“खरंच, राखाडीत काय वाईट आहे?” शेठनं विचारलं. “सगळे त्याच्यावर खूश आहेत.”

अक्कांनी टणक्याचं सांगितलं, लयीचं सांगितलं, थकलेल्या जागेचं सांगितलं. शेठनं नीट ऐकून घेतलं. मुलगा वाईट नव्हता. मग त्यानं अगदी सरळ मनानं विचारलं, “पण अक्का, तुम्ही सगळे इतकी वर्षं ह्याच शेडात आहात, तेही काही न घालता. कुणाला काय झालंय का?”

सगळ्यांच्या नजरा फरशीवर गेल्या. कुणी चप्पल सारखी केली, कुणी खिसा चाचपला. शहनाज तेवढी अक्कांकडे बघत होती.

“मला झालंय,” अक्का म्हणाल्या. “मला झांजा ऐकू येत नाहीत. मागून हाक मारलेली कळत नाही. हेडफोनांना शिव्या घालत होते, दोष माझ्या कानांचा होता.” त्यांचा आवाज जरा चढला होता, किती चढला ते त्यांना समजत नव्हतं. “तुम्ही सगळ्यांनी मला सांभाळलंत. समोर येऊन बोललात, हात करून बोलावलंत, मला कळूसुद्धा दिलं नाहीत. मी तुमची फार ऋणी आहे. पण ह्या पोरीभोवती उद्या असेच वळसे घालायची पाळी येऊ नये. म्हणून निळा.”

एका बाईनं पदर तोंडाला लावला. चिन्ना शेठ अवघडला. “अक्का, अहो, मला ठाऊकच नव्हतं. तुम्ही काळजी करू नका. तुम्हाला आपण ऑफिसात बसवू, तिथं आवाज नाही.” मग त्यानं सगळ्यांवर नजर फिरवली. त्याच्या चेहऱ्यावर सुटका झाल्याचं दिसत होतं. “अक्कांचं एकट्यांचंच असेल, तर बाकीच्यांना राखाडी द्यायला हरकत नाही. काय? आणखी कुणाचं काही नाही ना?”

अक्कांनी मान खाली घातली. नवऱ्याकडे बघितलं तर ते बोलायला लावल्यासारखं होईल, म्हणून त्यांनी डोळे फरशीवरच ठेवले. आपला वाटा आपण बोललो, आता राखाडी तर राखाडी, असं त्या मनाला समजावत होत्या.

शेठच्या ओठांवर नजर लावून उभे असलेले नरहरी एक पाऊल पुढे आले. त्यांच्या हातात तेलकट चिंधी होती. ती त्यांनी शेजारच्या मागावर ठेवली.

“शेठ, हिचं एकटीचं नाही. मला माग ऐकू येत नाही, मी हात लावून चालवतो. तो व्यंकटी तुमच्या तोंडाकडं बघतोय, कारण त्याला तुमचा शब्द येईना. ती अंबव्वा मघापासून नुसती मान हलवतीय. ही शहनाज सोडली तर इथं आम्ही सगळे बहिरे आहोत, शेठ.”